दर रविवारचा हप्ता

रविवारी सकाळी पोलादपूरहून वडिलांचा फोन आला. "हप्ता पाठव. नाहीतर गॅदरिंगमधला तुझा म्हशीच्या सोंगातला फोटो फॅमिली ग्रुपवर टाकतो."

"बाबा, तुम्ही रिटायर्ड हेडमास्तर आहात. पेन्शन मिळते तुम्हाला."

"पेन्शनच्या भज्यांना हप्त्याच्या भज्यांची चव येत नाही गो."

वैदेहीने कुरकुरत शंभर रुपये पाठवले आणि शेऱ्यात नेहमीसारखं 'हप्ता' लिहिलं. सोमवारी बाबा गेले.

तीन महिन्यांनी ती महाडच्या फ्लॅटच्या कर्जासाठी बँकेत बसली होती. साहेबांनी तिच्या स्टेटमेंटवर पेन्सिल टेकवली. "मॅडम, दुसरं कर्ज नाही असं लिहिलंय तुम्ही. मग हे शरदराव दर रविवारी कसला हप्ता घेत होते? वर तीन महिने तो थकवलाय. असा सावकार लपवलात तर फ्लॅट विसरा."

"सावकार नाहीत हो. वडील होते माझे."

साहेबांनी आधीच टोकदार असलेली पेन्सिल पुन्हा तासायला घेतली. "सॉरी. पण हे कर्ज नव्हतं, असं वर कळवायला मला कारण लिहावं लागेल. त्यांना पैशांची अडचण होती का?"

"छे."

"मग हे शंभर-शंभर रुपये कशाचे?"

बाबांनाही जे कधी सांगितलं नव्हतं, ते वैदेही त्या अनोळखी माणसाला सांगून बसली.

"त्यासाठी त्यांचा फोन यायचा. मी शनिवारपासून वाट बघायचे."