डेकवरची जागा

सत्तराव्या मिनिटाला विष्णूकाका बाथरूमला गेले आणि ला बाल्साने गोल केला.

ते घाईघाईने ट्रॅकपँटची नाडी बांधत परत आले, एर्नेस्तोला टाळी दिली आणि त्याच्या सोफ्यावर बसले. बसतात न बसतात तोच समोरच्यांनी गोल फेडला. एक-एक. काकांनी कपाळाला हात लावला.

गेले तीन शनिवार हेच चाललं होतं. काका उठले की गोल, बसले की बोंब. असल्या गोष्टींवर विश्वास ठेवू नये म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. काका नागपूरचे, वीज मंडळातून रिटायर झालेले आणि त्र्याऐंशीच्या फायनलला सासुरवाडीत अख्खा वेळ मोरीच्या दारात उभे राहिलेले. ते तिथे असताना रेडिओवर वेस्ट इंडिजची पहिली विकेट पडली, मग सासऱ्यांनी जावयाला हलूच दिलं नाही. वर्ल्ड कप नेमका कुणी जिंकून दिला, हे काकांना पक्कं ठाऊक होतं.

एर्नेस्तो शेजारचा. उरुग्वेचा, एकोणऐंशी वर्षांचा, चाळीस वर्षं अमेरिकेत लोकांची घरं रंगवलेली. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या काकांना कॅरी नावाच्या त्या अमेरिकन गावात बोलायला माणूस मिळेना, तेव्हा हा भेटला. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं, म्हणून छान जमलं.

ला बाल्सा हा त्याच्या गावचा क्लब. होडीवाल्यांनी काढलेला, मैदान नदीकाठी, दर दोन-तीन वर्षांनी पुरात जाणारं. कायमचा दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. एकदाच वर चढला, शहाऐंशी साली. तेव्हा एर्नेस्तो इथे कुणाचं तरी गॅरेज रंगवत होता. तीन आठवड्यांनी आईचं पत्र आलं. गावाने नाचून घेतलं होतं. याने एकट्याने पत्र चारदा वाचलं. पुढच्या वर्षी क्लब परत खाली. त्यानंतर तीनदा अगदी शेवटच्या मॅचला हुकलं. आज पुन्हा शेवटची मॅच. बरोबरी उपयोगाची नाही, जिंकलंच पाहिजे.

"एकदा डोळ्यांनी बघायचंय, विष्णू," तो सकाळी म्हणाला होता.

काका उठले.

"कुठे?"

"बॅक पेन," काका म्हणाले आणि काचेचं दार सरकवून मागच्या लाकडी डेकवर गेले. नोव्हेंबरची थंडी, अंगात नुसता स्वेटर, पायात मोजे आणि सपाता. टीव्ही दाराच्याच भिंतीवर होता, बाहेरून दिसायचा नाही. दिसायचा फक्त एर्नेस्तोचा चेहरा. काका मॅच त्या चेहऱ्यावर बघू लागले.

शेजारच्या डेकवर त्यांची सून चारुता भजी तळत होती. घरात वास बसतो म्हणून ती नेहमी बाहेरच तळायची. सासऱ्यांना बघून ती झारा घेऊन कठड्यापाशी आली.

"बाबा! बाहेर काय करताय? मंगळवारी फ्लाइट आहे तुमची. सर्दी घेऊन जाणार का नागपूरला?"

तेवढ्यात आत एर्नेस्तो दोन्ही हात वर करून उभा राहिला. दोन-एक!

"हलू नकोस," काका म्हणाले.

"अहो, पण माझी भजी..."

"जळू दे. तू इथे आलीस आणि झाला. हा गोल तुझा आहे बेटा."

"बाबा, सीरियसली? गॅस तरी बंद करू?"

"मॅच संपल्यावर कर."

चारुताने डोळे फिरवले. पण तीही क्रिकेटच्याच घरात वाढलेली, हलली नाही. कढईतून धूर यायला लागला.

पंधरा मिनिटं. एर्नेस्तो बसला, उठला, उशी पोटाशी धरून पुन्हा बसला. काकांचे गुडघे भरून आले. याच गुडघ्यांचं नाव सांगून त्यांनी घरात दहादा बजावलं होतं, की ही खेप शेवटची, एवढा प्रवास आता होणार नाही.

मग एर्नेस्तोने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलू लागले.

"गेलं," काका पुटपुटले. "अरे बाप्पा, गेलं रे." त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं.

"थांबा ना बाबा. रडताहेत का हसताहेत ते?"

दार सरकलं. एर्नेस्तोचा चेहरा ओलाचिंब होता.

"वी आर अप," तो म्हणाला. "अप, विष्णू! आय सॉ!"

त्याने काकांना मिठी मारली. दोन म्हातारे एकमेकांना धरून लहान पोरांसारखे रडले आणि चारुता एकदाची गॅसकडे धावली.

"पाठ कशी आहे?" डोळे पुसत एर्नेस्तोने विचारलं.

काका ओशाळले.

"माझी आई," एर्नेस्तो म्हणाला, "वडिलांना प्रत्येक मॅचला कोंबड्यांच्या खुराड्यापाशी उभं करायची."

त्याने खिशातून रंगाऱ्याची जाड पेन्सिल काढली. कठड्याला धरून, कण्हत, तो गुडघ्यांवर बसला आणि काकांच्या सपातांभोवती डेकच्या फळीवर रेघ ओढू लागला. आधी उजवी, मग डावी. काका श्वास रोखून उभे राहिले.

"पुढच्या वर्षी पहिली डिव्हिजन," खालूनच तो म्हणाला. "फार अवघड. जागा चुकायला नको."

"बाबा, झालं ना आता?" पलीकडून चारुता ओरडली. "या घरी. भज्यांचा पार कोळसा झालाय."

काकांनी एर्नेस्तोला हात देऊन उठवलं. मग एकेक पाय बाहेर काढला, सपाता तिथेच त्या रेघेत ठेवल्या आणि मोज्यांवरच घरी निघाले.