मधोमध

“याचा आवाज उजवीकडे झुकतोय,” ताई म्हणाल्या. “दुसरा काढा.”

दुकानदाराने टेबलावरच्या तीन डब्यांकडे पाहिलं. ताईंना हवं होतं ते तसं साधंच. त्यांच्या दोन नव्या स्पीकरच्या पोटातच अ‍ॅम्प्लिफायर होता, पण आवाजाचं बटण दोघांच्याही पाठीवर. कमी-जास्त करायचं तर दर वेळी टेबलामागे शिरा. म्हणून हाताशी एक डबा हवा होता. वीज न लागणारा, आवाजात स्वतःचं काही न मिसळणारा, एकच बटण असलेला. फिरवलं की दोन्ही स्पीकर सारखे खाली यावेत, सारखे वर जावेत.

पहिल्याचं बटण फिरवताना खरखर आली, तो बाजूला. दुसऱ्याला रिमोट होता, निळे दिवे होते, भिंतीत खुपसायची वायर होती. “मला आवाज कमी करायचाय, रोषणाई नाही करायची.” तोही बाजूला. तिसऱ्याचं बटण मात्र टिक टिक करत एकेक घर पुढे जायचं. जड आणि घट्ट. ताईंच्या बोटांना तो लगेच आवडला होता. आणि आता हा झुकत होता.

“ताई, याच्यात डाव्या-उजव्याचे भाग मोजून जोडीने बसवलेले असतात. हा झुकत नाही.”

“मग माझा कान काय खोटं बोलतो?”

लोकांनी वाचून रेकॉर्ड केलेली पुस्तकं, मुलाखती, श्रुतिका, सगळं शेवटी ताईंच्या खोलीतून साफ होऊन बाहेर पडायचं. धंद्यात त्यांना कानसेन म्हणत. त्यांचं पोटच कानावर होतं.

ऐकून बघायला त्या नेहमी एकच रेकॉर्डिंग लावत. नवऱ्याने कधीकाळी वाचलेली वॉशिंग मशीनची माहितीपुस्तिका. एकच आवाज दोन्ही स्पीकरमधून सारखा सोडला की बोलणारा बरोबर मधोमध उभा राहतो. इथे मात्र तो जरा उजवीकडे सरकून पांढरे कपडे वेगळे धुवायला सांगत होता. खरा नवरा मागे स्टुलावर बसून स्वतःचा तरणा आवाज कौतुकाने ऐकत होता.

दुकानदाराने त्याच जातीचा नवा, सीलबंद डबा फोडून जोडला. बोलणारा उजवीकडेच.

“दोन्ही नग एकाच बाजूला बिघडतील का, ताई?”

ताईंनी दोन्ही डब्यांवरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, “तारा उलट करा. डावीकडची उजवीकडे. डब्यात दोष असेल तर हा आता डावीकडे जाईल.”

तारा उलट झाल्या. तो उजवीकडेच राहिला.

“म्हणजे इथला स्पीकरच,” नवरा उठत म्हणाला. “उजवा जोरात असणार. चल, उद्या येऊ. दमलीयस तू.”

“दमले नाहीये.”

“या भिंतीवर आपटून आवाज परततो, त्याचंही असतं थोडं,” दुकानदार हळूच म्हणाला.

ताई उठल्या. खुर्ची उचलून त्यांनी उलटी ठेवली आणि स्पीकरकडे पाठ करून बसल्या. दुकानदाराला लगेच कळलं. नवऱ्याला थोड्या वेळाने.

“स्पीकरचं असो नाहीतर भिंतीचं, आता तो माझ्या डाव्या बाजूने यायला हवा,” ताई दाराकडे बघत म्हणाल्या. “लावा.”

दुकानदाराचा हात बटणावर तसाच राहिला.

“लावा म्हटलं ना.”

आवाज आला. उजवीकडून.

ताईंनी तो बंद करायला सांगितलं नाही. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून गाळणी साफ करायच्या पानापर्यंत ऐकलं. मग उजवा कान तळहाताने गच्च झाकला. नवरा जणू शेजारच्या खोलीत गेला. ‘स’ आणि ‘श’ एकसारखे, झिजलेले. त्यांनी हात काढला.

“बास.”

“अगं, मळ बसला असेल,” नवरा म्हणाला.

“असेल. उद्या डॉक्टरला दाखवते. नसला मळ, तर नसला.” त्या दुकानदाराकडे वळल्या. “हा टिकटिकवाला बांधून द्या.”

“आत्ता?” नवऱ्याने विचारलं. “आधी कानाचं तर बघू.”

“आत्ताच तर लागणार. यापुढे काही वाकडं ऐकू आलं, तर ते कुणाचं हे मला कळायला नको? घरात एक तरी न झुकणारा हवा.”

दुकानदार डबा गुंडाळू लागला. त्याला एरवी पटकन सापडणारी चिकटपट्टी आज सापडेना. तेवढ्यात ताईंनी प्रकाशकाला फोन लावला. तो अर्थातच उजव्या कानाला.

“तुमचं पुस्तक जवळजवळ झालंय. पण शेवटचं ऐकणं मी एकटीने करणार नाही. माझ्यासोबत कुणाला तरी बसवा, चांगल्या कानाचं... नाही हो, काम सोडत नाहीये. डावा कान कमी ऐकतोय माझा, आत्ताच कळलं. तुम्हालाही कळलेलं बरं.” पलीकडचं बराच वेळ ऐकून त्या म्हणाल्या, “ते तुम्ही ठरवा. मी चूक पुढे जाऊ देणार नाही, एवढंच.”

त्यांनी फोन पर्समध्ये टाकला. चेन दुसऱ्या प्रयत्नात लागली.

रस्त्यावर वर्दळ होती. डबा काखेत घेऊन नवरा त्यांच्या डाव्या बाजूने चालत होता आणि खाली मान घालून काहीतरी बोलत होता. ताई थांबल्या. त्याच्या मागून वळसा घालून त्या दुसऱ्या बाजूला आल्या आणि त्याचा दंड धरला.

“हं,” त्या म्हणाल्या. “आता पहिल्यापासून सांग.”