वायरमनची पेटी

पेटी पुन्हा चिरकली. वायरमनने वाकून पडद्यावर पाहिलं. साडेसदतीस अंश. हवी तेवढीच ऊब.

"दाजी, तुमच्या यंत्राला वेड लागलंय," मेव्हणा म्हणाला. तो येतानाच कुदळ घेऊन आला होता. "पिल्लं निघायची तारीख उलटून गेली. अंडी आता तव्याच्याही लायकीची नाहीत. खड्डा कुठे खणू, तेवढं सांगा."

"यंत्र खोटं बोलत नाही," वायरमन म्हणाला.

हा वायरमन म्हणजे साधासुधा गडी नव्हे. आपण दुरुस्त केलेला पंखा वीज गेली तरी सवयीने फिरत राहतो, असं तो स्वतःच सांगायचा. आयुष्यात त्याची चूक म्हणाल तर एकच. खुराड्याची कडी लावायची राहिली. बोक्याने डाव साधला आणि बायकोची लाडकी ठिपक्यांची कोंबडी गेली. मागे राहिली चार कोमट अंडी आणि बायकोचा अबोला. तेव्हापासून ती नवऱ्याशी बोलायची ती भावाला मध्ये घालून. भाऊ नसला की भिंतीला.

"ही अंडी मी उबवतो," वायरमनने त्याच दिवशी छाती ठोकून सांगितलं. लाकडी पेटी केली. आत एक बल्ब आणि वाटीभर पाणी ठेवलं. ऊब मोजायला वायरीच्या टोकाला खिळ्याएवढा सेन्सर सोडला. झाकणावर यंत्राचा मेंदू म्हणून काडेपेटीएवढा मायक्रोकंट्रोलर बसवला, शेजारी छोटासा पडदा. ऊब कमी झाली की बल्ब आपोआप लागायचा, वाढली की विझायचा. आणि प्रकरण हाताबाहेर जायला लागलं की वाटाण्याएवढा भोंगा चिरकायचा. एकदा मेव्हण्याने गंमत म्हणून झाकण उचललं, तर भोंग्याने त्याचं असं काही नाव घेतलं की बिचारा दोन दिवस कपाटाचं दारही विचारून उघडत होता. पिल्लं निघायच्या शेवटच्या दिवसांत झाकण उघडायचं नसतं, म्हणून वायरमनने ते चिकटपट्टी लावून बंदच करून टाकलं होतं.

पेटी परत चिरकली. वायरमनने यंत्र बंद करून चालू केलं. पडदा उजळला. साडेसदतीस. थोडी शांतता, आणि पुन्हा तेच.

बायको दारात येऊन उभी राहिली.

"त्यांना म्हणावं, पुरे झालं आता," ती भावाला म्हणाली. "खड्डा भिंतीकडेला खण. कोंबडीला पुरलंय तिच्या शेजारी."

वायरमनने पडदा बोटाने पुसून पुन्हा पाहिला.

"ऊब बरोबर आहे," तो म्हणाला. "बिघडला असेल तर भोंगा."

त्याने पक्कड उचलली, भोंग्याच्या दोन्ही वायरी कचकन तोडल्या आणि भोंगा तळहातावर घेऊन मेव्हण्यापुढे धरला.

"हा ओरडत होता. पुरायचंच असेल तर याला पूर."

मेव्हण्याने कुदळ खांद्यावर घेतली. वायरमन पेटीकडे पाठ करून उभा राहिला.

पेटी चिरकली.

मग आणखी एकदा, दुसऱ्याच बारीक आवाजात.

मेव्हण्याची कुदळ हळूच खाली आली. बायको पुढे झाली, गुडघ्यावर बसली आणि झाकणाला कान लावला. बऱ्याच वेळाने तिने मान वर केली. भावाकडे नाही, भिंतीकडेही नाही.

"अहो," ती म्हणाली, "भोंगा तर तुमच्या हातात आहे. मग आत कोण ओरडतंय?"