थंडीची सवय

शीतपेटीतून काढलेल्या ट्रेमधली गव्हाची रोपं उकडलेल्या भाजीसारखी लोळत होती. विभागप्रमुखांनी थंडी सोसणाऱ्या वाणांच्या यादीतल्या संशोधिकेच्या वाणावर काट मारण्यासाठी पेनाचं टोपण काढलं. “सात वर्षं खपलात, बाई, पण लेकरू फारच लाडावलेलं निघालं!” तिने नोंदवही उघडून तारखा पाहिल्या आणि चूक तिच्या लक्षात आली. गोठवण्याआधी रोपांना दोन आठवडे हलक्या गारव्यात ठेवून थंडीची सवय लावायची असते. घाईघाईत तिने ती थेट उणे दहा अंशांत ढकलली होती. गप्प बसली असती तर कुणाला कळलंही नसतं. “थांबा, सर. रोपांना कशाला नापास करता? मला करा. सवय लावायची पायरी माझ्याकडून राहिली.” “हे लेखी द्यावं लागेल. बढती तोंडावर आलीय तुमची!” “देते. पण लेकराला पुन्हा परीक्षेला बसू द्या.” तिने उभ्यानेच कबुली लिहून दिली आणि नवं बी भिजत घातलं.