टूवाच्या गाडीतली सीट

"पाय बघ त्याचे. दुमडले गेलेत," टूवा म्हणाली.

लहान मुलांच्या कार-सीटच्या दुकानाबाहेर बर्फात तिची गाडी उभी होती, मागचं दार उघडं. सीट ज्या गाडीत वापरायची त्याच गाडीत बसवून बघितल्याशिवाय इथे कुणी विकत घेत नसे. तीन वर्षांचा मेल्केर नव्या सीटवर मागच्या काचेकडे तोंड करून, मांडी घालून मजेत बसला होता.

"पाय दुमडू देत," दुकानातली गुनिला म्हणाली. "गाडी आदळली तर मान जपायची असते. चार वर्षं होईपर्यंत तरी उलटंच बसवायचं."

"तूही अशीच बसायचीस," टूवाचे वडील सिक्स्टेन म्हणाले. "मागे पडणाऱ्या झाडांना टाटा करायचीस. एकूण एक झाडाला. डोकं उठवायचीस माझं."

"तुझ्या गाडीत आहे ना एक सीट, बाबा?"

"माझ्या गाडीत आहे. तुझ्या नाही." त्यांनी पट्टा ओढून पाहिला. "पाळणाघरातून आणायला कधी मी नसलो तर?"

"बघू."

"कधीपासून बघूच म्हणतेयस."

गुनिला हसली. "आजोबा भलतेच काळजीवाले आहेत हं! आणि नाक मात्र पोरानं थेट आईचं उचललंय."

सिक्स्टेन यांचे कान लाल झाले. ते टूवाकडे पाहत राहिले. ती हातमोजे चढवत होती.

"आज नको," ती म्हणाली. "पुन्हा येऊ."

मेल्केरला उचलून सिक्स्टेन यांनी आपल्या गाडीत नेऊन बसवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारासमोरचा बर्फ उपसताना सिक्स्टेन कोसळले. उठलेच नाहीत.

अंत्यविधी तिथल्या रीतीप्रमाणे महिन्याने झाला. तोवर टूवा बाबांच्याच गाडीने मेल्केरला पाळणाघरात सोडून रोज कामावर गेली. घरी येऊन कॉफी करायची, गार झाली की ओतून द्यायची. रडू आलं नाही.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी ती एकटीच दुकानात आली.

"तीच सीट द्या. लगेच बसवून हवी. पाळणाघर सुटायची वेळ झालीय."

गुनिलानं सीट बसवली, हलवून पाहिली. "आज आजोबांना सुट्टी वाटतं?"

टूवानं पट्टा ओढून पाहिला. मग पुन्हा एकदा ओढला.

"ते आजोबा नव्हते," ती म्हणाली. "आमचे बाबा होते. मेल्केर माझा भाऊ आहे."