पंतांची जीभ

हे झालं १८८७ साली. चैत्रात गोदूबाईंनी भाऊंच्या खानावळीच्या मागच्या दारी पळसाच्या पत्रावळींचा भारा उतरवला, तेव्हा भाऊ स्वतः बाहेर आले.

भाऊंची खानावळ ठाण्याच्या कोर्टाजवळ. दोन वर्षांपूर्वी तिथून चार घरं सोडून गोदूबाईंची होती. कल्याण-पनवेलचे पक्षकार तारखेला आले की कोर्टात जाण्याआधी विचारून जात, आज वालाचं बिरडं आहे ना? मग एके दिवशी भाऊंनी जानवं हातात धरून पंचांना सांगितलं, कोळीवाड्यात आवडाबाईच्या घरी गोदूबाईंना भात जेवताना मी डोळ्यांनी पाहिलं. गोदूबाई तिथे गेल्या होत्या ते तापाने पडलेल्या आवडाबाईला काढा द्यायला. पंचांनी त्यांना वाळीत टाकलं. आठवड्यात सगळं गिऱ्हाईक भाऊंच्या पंगतीला बसलं. गोदूबाईंना राहायला आवडाबाईचीच पडवी उरली, आणि मनात एकच गोष्ट. भाऊंची चूल आपल्या चुलीसारखी थंड झालेली पाहायची.

"घेतो तुमच्या पत्रावळी," भाऊ हसत म्हणाले. "सुकं पान काय, कोणाच्याही हातचं चालतं. उंबरा मात्र ओलांडायचा नाही."

"मी कशाला ओलांडू?"

"नाही, सवय असते एकेकीला. परक्या स्वयंपाकघरात शिरायची."

भाऊंनी आत हाक मारली, "वहिनी, पानं मोजून घ्या."

रखमाबाई ही भाऊंच्या थोरल्या भावाची विधवा. पहाटेपासून चुलीपाशी असे. बाहेर कोणी आमटीची तारीफ केली की भाऊ म्हणत, "आमच्या घराण्याचा हातच तसा." ते तिला दाराआडून ऐकू येई.

रोज सकाळी भाऊ बाजारात गेले की गोदूबाईंचा भारा येई. भाऊ परतत तेव्हा कधी कधी त्या अजून तिथेच असत, मागचं दार लोटलेलं असे. "पानं मोजत होते," त्या म्हणत आणि निघून जात.

श्रावणात प्रभाकरपंत ठाण्याला परतले. कलेक्टर कचेरीतले कारकून, मधली दोन वर्षं कल्याणला होते. दर रविवारी दोन-तीन मित्र घेऊन एका खानावळीत जायचं आणि तिथला खावा असा एकच पदार्थ शोधून काढायचा, हा त्यांचा छंद. कल्याणला पारनाक्याजवळच्या एका म्हातारीच्या घावनांना त्यांनी चांगलं म्हटलं, तर पुढच्या रविवारी तिच्या ओटीवर बसायला जागा नव्हती. पंतांनी नाक मुरडलं की ती आमटी कोणी मागत नसे.

पंत भाऊंच्या पंगतीला बसले. बिरड्याचा पहिला घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला.

"भाऊ, हे कोणी केलं?"

"घरचाच हात, पंत."

"नव्हे. नारळ निखाऱ्यावर धरून मग वाटलाय. ही चव मी चार वर्षं जेवलोय. हा हात गोदूबाईंचा."

पंगतीतले हात पानावरच राहिले. कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "रोज मागच्या दारी असतात त्या. मी पाहिलंय."

गोदूबाईंना बोलावणं गेलं. त्या अंगणाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या.

"हे बिरडं तुम्ही केलंत?" पंतांनी विचारलं.

"मी वाळीतली बाई. माझ्या बोलण्याला किंमत असती तर दोन वर्षांपूर्वीच ऐकलं असतं कोणी. तुमची जीभ काय सांगते?"

"माझी जीभ आजवर चुकली नाही."

"मग मला कशाला विचारता?"

भाऊंनी जानवं हातात धरलं. "ही बाई माझ्या स्वयंपाकघरात कधी आली नाही. पुढच्या रविवारी पंचांना बोलवा. वहिनी सगळ्यांसमोर बिरडं करतील. पंतांनीच चाखावं."

रविवारी रखमाबाईने पंचांच्या डोळ्यांसमोर तेच वाल सोलले, तेच पातेलं चढवलं. पंतांनी घास घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला.

"बरं आहे," ते म्हणाले. "पण ते हे नव्हे."

"वहिनी, रोज करता तसं का नाही केलंत?" भाऊंचा आवाज चढला.

"मला येतं ते हेच, भावोजी," रखमाबाई खाली मान घालून म्हणाली.

वाळीतल्या बाईच्या हातचं जेवलो म्हणून त्या महिन्यात कोर्टाजवळच्या अर्ध्या लोकांनी मिशा उतरवून प्रायश्चित्त घेतलं. भाऊंच्या दारात पुन्हा कोणी पाय ठेवला नाही.

भाऊ खडवलीला बहिणीकडे जाऊन राहिले. भेटेल त्याला आपण खरं बोललो म्हणून सांगत, आणि तसेच सांगत वारले. पंत शिरस्तेदार झाले. त्या दिवशीच्या घासाची गोष्ट त्यांनी नातवंडांनाही ऐकवली. गोदूबाई अखेरपर्यंत वाळीतच राहिल्या, आवडाबाईच्या पडवीत. रखमाबाईने प्रायश्चित्त घेतलं आणि कल्याणला स्वतःची खानावळ काढली. तिच्या अळूच्या भाजीसाठी लोक शहाडहून चालत येत, पण बिरडं तिने कधी कोणाच्या पानात वाढलं नाही. वर्षातून एकदा गोदूबाई येत, तेव्हा ती दार लावून पातेलीभर करी, आणि पहिला घास घेऊन गोदूबाई म्हणत, "त्या वर्षी भाऊंकडे करायचीस ना, अगदी तसंच झालंय गं."