जमालची कॅसेट

माझी सून जन्नत दम्याची. उदाच्या धुरानं तिची छाती शिट्टीसारखी वाजायची. तरी दर गुरुवारी, जुमेरातीला घरात ऊद जाळायचाच, हा माझा हट्ट. हिला नाटकं सुचतात, म्हणायची मी.

अशाच एका जुमेरातीला ती गेली. चाळिसावा उरकला, तरी दुबईला तिच्या नवऱ्याला, माझ्या जमालला आम्ही कळवलं नाही. पोरगा नोकरी सोडून धावत आला असता.

पत्राऐवजी तो कॅसेट भरून पाठवतो. काल आली ती लावली. त्याच्या आवाजामागं तीच शिट्टी वाजत होती.

"हळू सोड श्वास," तो कुणाला तरी म्हणाला. मग मला म्हणाला, "अम्मा, जन्नतला पाठवलंस, ते कळवलं का नाहीस? आणि इथं कोण ऊद जाळत नाही, मग हिच्या तोंडातून धूर कसला येतो?"